केंद्रासाठी काढलेली झोप

दुपारच्या जेवणानंतर आमच्या शहापुरातला हायवेसुद्धा थोडा सुस्तावतो. ट्रक जातच असतात, पण त्यांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. त्या वेळी मी माझ्या कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत खताच्या पोत्यांना पाठ लावून पडलेला असतो. धानाच्या बियाण्याला एक कोरडा, गोडसर वास असतो. त्यात युरियाचा उग्रपणा मिसळला की लोकांना शिंका येतात. मला झोप येते. आणि झोप आली की मी बोलतो.

हे मी स्वतः ऐकलेलं नाही, कारण त्या वेळी मी हजर नसतो. घरचे सांगतात. बायको म्हणते, "जागेपनी गिऱ्हाइकासंगं बोलत नाई, तेवढं हा मानूस झोपेत बोलते."

एकदा मी भंडाऱ्याहून एसटीने लाखांदूरला निघालो होतो. आमचं मूळ गाव तिकडचं. मोठा भाऊ अजून तिथेच शेती करतो. खिडकीला डोकं टेकलं आणि मी गेलो. कंडक्टरने हलवून उठवलं तेव्हा गाडी पवनीच्या स्टँडवर उभी होती आणि माझ्या मुठीत पवनीचं तिकीट होतं.

"मले तं लाखांदूरले जायचं हाय," मी म्हणालो.

"मंग पवनी, पवनी कोन म्हनत होता? वरतून मलेच दाटत होते, लवकर दे गा, माय वाट पाहून राहिली म्हनून. उतरा आता."

पवनीजवळ माझ्या मामांचं गाव. लहानपणी आई माहेरी गेली की बाबा मला घेऊन तिला आणायला जायचे. झोपेतला मी अजून त्याच कामावर असतो, असं दिसतं. कंडक्टरला हे सगळं सांगणं जमलं नाही. मी उतरलो, स्टँडवर चहा प्यायलो आणि पुढच्या गाडीत उभ्यानेच गेलो. बसण्याची हिंमत झाली नाही.

हे सांगायचं कारण, माझ्या या अवगुणाचा पुढे विद्यापीठाच्या संशोधनात उपयोग झाला. आमच्या खानदानात संशोधनाला हातभार लावणारा मी पहिलाच. तोही झोपलेल्या अवस्थेत.

मुलगी नागपूरला विद्यापीठात कॉम्प्युटर शिकली. शिक्षण संपल्यावर एक दिवस बसमधून उतरून थेट दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, मले डिपार्टमेंटच्या आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्रात घेतलं."

मी तो शब्द तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला आणि मग भावाला फोन लावला. अर्ध्यातच तो म्हणाला, "थांब, थांब. येवढं लांब नाव आयकता आयकता धान कापाले येईन. केंद्र म्हंजे तुयासारखं दुकान का?"

त्याची चूक नव्हती. आमच्याकडे केंद्रांची कमी नाही. माझं कृषी केंद्र, समोर आरोग्य केंद्र, पलीकडे धान खरेदी केंद्र, झेरॉक्सवाल्याचंही केंद्रच. प्रत्येक ठिकाणी लोक रांग लावतात आणि काहीतरी घेऊन परत जातात. या नव्या केंद्रात काय मिळतं, हे मला सांगता येईना. मुलीने समजावलं तेव्हा एवढंच कळलं, की कॉम्प्युटरवाले, भाषावाले आणि शेतीवाले एका खोलीत बसतात आणि जे एकेकट्याला जमत नाही ते मिळून करून पाहतात.

"भांडनं नाई होत?" बायकोने विचारलं.

"तेच तं काम हाय," मुलगी म्हणाली.

मे महिन्यात ती मला तिथे घेऊन गेली. धानाच्या वेगवेगळ्या वाणांचे नमुने त्यांना बघायचे होते. मी पुड्या बांधल्या, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बसमध्ये झोपायचं नाही असं ठरवून गेलो. कॉम्प्युटर विभागाची इमारत मोठी. पुढे काचेच्या लॅब, त्यात गार हवा. मग एक लांब वऱ्हांडा, आणि तो संपतो तिथे हे केंद्र. पूर्वी त्या खोलीत बंद पडलेले जुने मॉनिटर ठेवत असत. ते अजून भिंतीशी एकावर एक रचलेले होते. त्यांच्या मेलेल्या काचांमध्ये खोलीतली सगळी माणसं लहान आणि हिरवट दिसत होती, तलावाच्या पाण्यात काठावरचे लोक दिसतात तशी. मी बराच वेळ तिकडेच बघत बसलो. त्या काचेतला मी बराच बरा दिसत होतो.

केंद्रप्रमुख कॉम्प्युटरच्या मॅडम होत्या. त्यांच्यासमोर भाषाशास्त्राचे एक सर बसले होते, पांढऱ्या दाढीचे. दोघांचं बोलणं चाललं होतं. मॅडम "नमुना" म्हणत, सर "माणूस" म्हणत. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत. दोघांनाही हे माहीत असावं, कारण चहा आला तसे ते लगेच थांबले.

काम असं होतं. शेतकऱ्याने फोनवर आपल्या बोलीत विचारायचं, धानाला कीड लागली, काय करू? मशीनने ते समजून घ्यायचं आणि उत्तर द्यायचं. मशीन मराठी शिकलेलं होतं, पण पुस्तकातलं आणि बातम्यांतलं. माझी मुलगी म्हणत होती की आमच्या झाडीपट्टीतलं, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातलं, बोलणं त्याला समजत नाही. त्यासाठी आमच्या लोकांचे आवाज वेगळे गोळा केले पाहिजेत. तिला तेच काम हवं होतं. का हवं होतं ते मला माहीत होतं.

माझी आई शेवटची काही वर्षं आमच्याकडे शहापुरात होती. नातीने तिला फोनशी बोलायला शिकवलं होतं. आई फोन तोंडासमोर भाकरीसारखा आडवा धरायची आणि ओरडून विचारायची, "आज पानी येते का नाई?" आतून बाई म्हणायची, क्षमा करा, मला समजले नाही. आई पुन्हा विचारायची. पुन्हा क्षमा. शेवटी आई वैतागली, "अवं, तुले समजत नाई तं सारखी माफी काहून मांगतं? शिकून घे नं!" नात हसून हसून लोळली होती. पण आईने फोन आपटून ठेवला, तो पुन्हा हातात घेतला नाही. आता आई नाही. ते वाक्य मात्र मुलीच्या डोक्यात बसून राहिलं होतं.

तर मॅडम मला म्हणाल्या, "काका, तुम्ही तिकडचेच ना? यात बोला बघू. कीड लागली आहे असं सांगा."

माझ्यासमोर माइक आला. मी घसा साफ केला. माझं आयुष्य औषधांच्या बाटल्यांवरचे कागद वाचून गिऱ्हाइकांना समजावण्यात गेलेलं. मी ताठ बसलो आणि म्हणालो, "माझ्या शेतातील धानाच्या पिकावर खोडकिडीचा प्रादुर्भाव झाला असून कृपया योग्य ती उपाययोजना सुचवावी."

मशीनने सगळं लिहिलं. एक काना चुकला नाही. मी विजयी मुद्रेने मुलीकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते.

"बघ," मॅडम तिला म्हणाल्या, "सगळं तर समजतंय. वेगळे आवाज कशाला गोळा करायचे?"

सर दाढीत हसत होते. मुलगी म्हणाली, "मॅडम, बाबा असे बोलत नाहीत."

"पण बोलले ना!"

शेवटी ठरलं ते असं. दिवाळीच्या सुट्ट्या संपेपर्यंत तिने खरे आवाज आणून दाखवायचे. नाही जमलं तर तो विषय बंद, आणि तिला दुसऱ्या गटात टाकणार. तिथे उपग्रहाच्या फोटोंमधून जंगल मोजायचं काम होतं. चांगलं काम होतं ते, पण जंगलाने तिच्यासमोर कधी फोन आपटून ठेवला नव्हता.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी म्हणालो, "मी चांगलं बोललो नाई का?"

"लय चांगलं बोलले बाबा. तेच तं झालं."

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यावर आम्ही बापलेक गावी गेलो. एसटीतून दोन्ही बाजूंना हिरवं पाणी आणि पाण्यात आभाळ. गाव तलावाच्या पाळीखाली आहे; पाळीवर चढलं की एका बाजूला तलाव आणि दुसऱ्या बाजूला पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या. मला तिथे गेलं की आपण कुठे राहतो, काय विकतो, हे थोडा वेळ आठवत नाही.

भावाने अंगण शेणाने सारवून ठेवलं होतं. स्वतः पांढरा सदरा घालून बसला होता. मुलीने त्याच्यासमोर माइक ठेवला आणि म्हणाली, "मोठे बाबा, कसंही बोला. घरी बोलता तसं."

भावाने हात जोडले. "नमस्कार. आमच्या गावामध्ये मुख्यत्वेकरून भात हे पीक घेतले जाते."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. साठीला आलेला हा माणूस. धानाला भात म्हणताना मी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्याकडे भात ताटात असतो, शेतात धान असतं. मग वहिनी बसली. पदर सारखा केला, म्हणाली, "नमस्कार. मी एक गृहिणी आहे." पुढे गप्प. मुलीने माइक बंद केला, तशी वहिनी म्हणाली, "मायबाई! निरा घाम फुटला व मले. चाल, चाय मांडतो. ह्या भावजीले का झालं दात काढाले?" आमच्या बोलीत बायकाही 'मांडतो', 'करतो'च म्हणतात.

दिवसभर हेच. शेजारचे आले, सोसायटीचे अध्यक्ष आले, ढोरांमागे जाणारे आले. प्रत्येकाने माइक पाहिला, शर्टाची बटणं लावली आणि रेडिओ झाला. माइक बंद होताच अंगणात जी काय गंमत उसळायची, ती ऐकून मुलगी कपाळावर हात मारायची. मी सुचवलं, "गुपचूप चालू ठेव ना. कोनाले कळते?"

"नाई बाबा. मॅडमचा पक्का नियम हाय. विचारल्याबिगर कोनाचाच आवाज घ्यायचा नाई. आन मले बी नाई घ्यायचा."

मला तेव्हा तिचा थोडा राग आला आणि थोडा अभिमान वाटला. लोकांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. पाहुणा आला की आमच्याकडे कपाटातल्या कपबश्या काढतात. रोजचे स्टीलचे गिलास मागे जातात. विद्यापीठाचं मशीन हा तर फार मोठा पाहुणा. त्याच्यासमोर गावाने आपली कपाटातली भाषा काढून ठेवली होती. ती धुऊनपुसून, कुणी न वापरलेली. आणि मशीनला हवे होते गिलास.

शहापूरला परत आलो. मुलगी रोज नागपूरला जायची, रोज थोडी आणखी गप्प होऊन यायची. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "मी सांगू? झोपलेला मानूस काई कपबशी काढत नाई. तुया बाबाले झोपव."

आम्ही दोघं हसलो. मग मुलगी हसायची थांबली.

"बाबा, तुमी हो म्हनता का? आधी सांगा. नाई म्हनले तं नाई."

मी हो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या झोपेसाठी परवानगी मागत होतं. आजवर सगळ्यांनी मोडलीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोत्यांना पाठ लावून पडलो. मुलीने माझ्या कॉलरला छोटा माइक लावला आणि स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसली. आणि काय सांगू, झोप येईना! एरवी बिलं फाडता फाडता डोळा लागणारा मी. आता टक्क जागा. युरियाच्या पोत्यावरची बारीक अक्षरं वाचत पडलो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक डोकावलं. माझं आडवं शरीर, कॉलरची वायर आणि शेजारी गंभीर चेहऱ्याने बसलेली मुलगी पाहून त्याने चप्पल बाहेर काढली आणि दबक्या आवाजात विचारलं, "काय झालं व भाऊले?"

"झोपून राहिले."

"मंग हे वायर कायची?"

"झोप मोजून राहिली," आतून बायको ओरडली. "का पाह्यजे तुमाले? डीएपी?"

असे कित्येक दिवस गेले. डोळे मिटले की माझ्या मनात आपोआप वाक्यं जुळायची: आज दुपारच्या सत्रामध्ये मला उत्तम प्रकारे निद्रा लागलेली असून... बायको म्हणाली, हा मानूस झोपेतसुद्धा पाहुण्यासारखा झोपून राहिला. सणवार तोंडावर आले. एका दुपारी मुलीने लॅपटॉप मांडीवरून बाजूला ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "जाऊ द्या बाबा. उद्या मॅडमले सांगतो. जंगलाचं काम बी वाईट नाई."

"मशीन लागलेलं राहू दे," मी म्हणालो. "लागलंच हाय तं."

ती उठून पुढे दुकानात गेली. तिची पाठ बघता बघता मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटता हायवेचा आवाज पाण्याखाली गेला.

मग हायवेवरच पाणी होतं. पोटरीभर, रोवणीच्या वेळचं, ज्यात ढग दिसतात तसं. चारही लेनच्या बांध्या झाल्या होत्या आणि डिव्हायडरचा धुरा, म्हणजे बांध. बायका गाणं म्हणत, ओळीने वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावत मागे मागे सरकत होत्या, नागपूरकडून भंडाऱ्याकडे. ट्रक मुकाट रांगेत उभे होते. ड्रायव्हर खाली उतरून, चपला हातात घेऊन, गाणं संपायची वाट बघत होते. मध्येच विद्यापीठाची ती खोली पाण्यावर तरंगत आली. जुने मॉनिटर कमळाच्या पानांसारखे हलत होते आणि प्रत्येकावर एक बगळा. मॅडम आणि सर एकाच डोंग्यात बसून दोन दिशांना वल्ही मारत होते. डोंगा जागच्या जागी गोल फिरत होता आणि दोघंही खुशीत होते. एका ड्रायव्हरला घाई होती. त्याने गाडी पुढे घेतली, तसा मी त्याच्यावर धावून गेलो. आणि मग ओळीच्या टोकाला मला आई दिसली. पाठमोरी, लुगडं खोचलेली. ती मागे मागे सरकत होती आणि तिच्या मागे पाणी काळं होत गेलं होतं, तलावाच्या मधोमध असतं तसं.

जाग आली तेव्हा मुलगी आणि बायको दोघी माझ्यासमोर बसलेल्या होत्या. बायको पदराने डोळे पुसत होती. हसून पाणी आलं होतं की आणखी कशाने, मला कळेना.

"बोललो का?"

"बोलले का म्हंता? निरं दुकान दनानून सोडलं!" बायको म्हणाली.

मुलीने ऐकवलं. पहिला भाग ट्रकवाल्याचा. माझाच आवाज, पण मी तो ओळखत नव्हतो. तो लहान होता, चिखलातला होता. "अबे सरक नं! डोळे फुटले का बे? पऱ्हं दाबून राहिला नं तू! तुया बापानं रोवलं का हे? घे मांगं, घे मांगं... आन भोंगा नोको वाजवू, बायाचं गानं अधुरं हाय!" असं बरंच. मुलीने ते लगेच मशीनला दिलं. मशीनने विचार करून एक बातमी लिहिली, त्यात एक मंत्री होता आणि एक पूल. मुलगी आनंदाने ओरडली. मशीन नापास झाल्याचा एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता.

मग तिने दुसरा भाग लावला. तो छोटा होता, हळू होता. मी आईशी बोलत होतो. ऐकून झालं तरी कुणी उठलं नाही. बाहेर कुणीतरी दुकानाची घंटी वाजवत होतं.

"हे लय चांगलं हाय बाबा," मुलगी म्हणाली. "सरनं आयकलं तं... पन तुमी सांगान तसं."

"हे नोको," मी म्हणालो.

तिने वाद घातला नाही. तो तुकडा वेगळा काढून ठेवला.

आता एक झोपलेला माणूस म्हणजे काही झाडीपट्टी नव्हे, हे मलाही कळत होतं. मॅडमला आणखी आवाज हवे होते. भाऊबीजेनंतर गावात मंडई होती. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडया भरतात; सगळे पाहुणे-सोयरे येतात, मिठाईची दुकानं लागतात, मुलंमुली दाखवली जातात. भावाचं अंगण माणसांनी भरलं होतं. मुलीने मधोमध खाटेवर माइक ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि म्हणाली, "हे चालू हाय. ज्याले आपला आवाज द्यायचा नाई त्यानं सांगा, मी बंद करतो. आता पैले हे आयका." आणि तिने माझी झोप लावली.

माझं ट्रकवाल्याशी भांडण अंगणभर घुमलं. भाऊ हसता हसता खाटेवरून घसरला.

"हा तं पह्यलेपासून असाच हाय! एकडाव बांधीत झोपला आन बैलालेच मामा म्हनून राहिला!"

"मामाच तसे होते," मी म्हणालो.

"अन् लग्नात!" वहिनी पुढे सरसावली. माइकच्या अगदी तोंडाशी. "मांडवात पाटावर बसल्या बसल्या डुलकी काढली व ह्यानं. भटजी म्हने सावधान, आन हा म्हने, हाव, उतरतो, गाडी थांबवा!"

"खोटं हाय हे!"

"मी होतो नं तठी! तुया बायकोले पूस!"

बायकोने होकार दिला. मग कुणी थांबेना. ज्याला त्याला माझी गोष्ट आठवत होती. माझ्या संपल्यावर ते एकमेकांच्या काढू लागले. एक आजोबा शेवटी खास उठून आले, माइककडे बोट दाखवून म्हणाले, "माया आवाज घे बाई. पन ह्याच्यावानी झोपाले नोको सांगू, मले उठवाले लय तरास होते." कुणी बटणं लावली नाहीत. स्टीलचे सगळे गिलास एकदम बाहेर आले होते. मी मधोमध बसून त्या हशात भिजत होतो. माझी अब्रू दुकानातल्या त्या दुपारच्या झोपेतच संपली होती. त्यामुळे मोकळं वाटत होतं.

सुट्ट्या संपल्यावर मुलीने ते सगळं केंद्रात ऐकवलं. मलाही बोलावलं होतं. मी त्या मेलेल्या मॉनिटरांसमोर बसलो होतो. मशीन पानंच्या पानं चुकत गेलं. मॅडम आधी हसल्या, मग वही ओढून लिहायला लागल्या. सर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हे नमुने नाहीत, मॅडम."

"माहीत आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "माणसं आहेत. पण आता मला अशी आणखी लागतील." आणि मुलीला म्हणाल्या, "जंगलवाल्यांना मी सांगते, तू येत नाहीस म्हणून."

काम वाढलं. रोजचं येणं-जाणं जमेना, म्हणून मुलीने नागपूरला खोली घेतली. त्या केंद्रात तिला भिंतीजवळ टेबल मिळालं. एक मॉनिटर तिने तसाच ठेवून घेतला आहे, त्यात बघून केस बांधते म्हणे. आणि इकडे बायको सांगते की मी आता झोपेत बोलत नाही. नुसता पडून राहतो. तिला करमत नाही.

यंदा उन्हाळ्यात मुलगी घरी आली. दुपारी मागच्या खोलीत येऊन माझ्याशेजारी पोत्याला टेकून बसली, लॅपटॉप उघडला. मशीन शिकलं आहे म्हणाली. गावचे सगळे आवाज त्याला कळतात. "पन ते त्यानं आयकलेलेच हायेत. आता न आयकलेलं काईतरी पाह्यजे. तवा खरं कळन."

मी थोडा वेळ हायवे ऐकला.

"थे दुसरं लाव," मी म्हणालो. "मायचं."

तिने माझ्याकडे पाहिलं, विचारलं, "पक्कं?" मी मान हलवली. बायको दारात येऊन उभी राहिली होती.

माझा आवाज आला, हळू, पाण्यातून यावा तसा. आणि पडद्यावर एकेक शब्द उमटत गेला, घाई न करता, धान लावल्यासारखा:

माय, अठी पानी खोल हाय. हात दे. पोट्टी मोठी झाली, माय. थे तुयाचसाठी करून राहिली. तू नोको जाऊ तिकडं. मी हाय नं. हात दे.

एकही शब्द सुटला नव्हता. मी पुन्हा पुन्हा वाचलं. झोपेत बोललेलं जागेपणी, छापल्यासारखं वाचायला मिळणं हे फार विचित्र असतं; आपल्याच घरात कुणीतरी पाठमोरं बसलेलं दिसावं तसं.

तेवढ्यात लॅपटॉपमधून एका बाईचा आवाज आला. मुलीने त्या क्षमा मागणाऱ्या बाईला काढून टाकलं होतं. हा आवाज आमच्या वहिनीचा होता. रीतसर विचारून घेतलेला.

"समजलं," वहिनी म्हणाली. "आनखी सांग."

मुलगी आणि बायको माझ्याकडे बघत होत्या. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण मी जागा होतो, त्यामुळे काही सुचलं नाही.